जगनची वीत

मोरेश्वर वारंगे सरांनी आयुष्यात दोन गोष्टी जपल्या. एक स्वतःचा मान आणि दुसरी जगनची पोस्टकार्डं. मानाला ते रोज फडकं मारत. पोस्टकार्डं मात्र बुटांच्या खोक्यांत, वर्षवार गठ्ठे बांधून, माळ्यावर ठेवलेली असत आणि त्यांच्यावर धूळ बसली तरी सरांना चालायचं.

जगन हा पेणकडच्या खारेपाटातला, कोंडखार गावचा. मिठागरात राबणारा माणूस. रोह्याच्या हायस्कुलात लागण्याआधी सर त्या गावच्या शाळेवर होते आणि संध्याकाळी मोठ्या माणसांना अक्षरओळख शिकवत. पहिल्या आठवड्यात बावीस जण आले, दुसऱ्यात नऊ, आणि दिवाळीपर्यंत एकटा जगन उरला. तिशीतला दांडगा गडी, पण अक्षर गिरवताना लहान पोरासारखी जीभ बाहेर काढायचा. लिहायला यायला लागल्यावर म्हणाला, "गुरुजी, आता लिवू कुनाला? माजी वलखीची मानसं समदी हितंच हायत."

सर म्हणाले, "मला लिही."

काय लिहायचं तेही सरांनीच ठरवून दिलं. सरांना तेव्हा भरतीचं वेड होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पाणी किती चढणार ते कुठल्या पंचांगात छापलेलं नसतं. कोंडखारच्या बांधाला उघाडी होती, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायची लाकडी दारं. तिच्या खांबाला खाली एक लोखंडी खिळा ठोकलेला होता. दर पुनवेला आणि दर अवसेला भरती उतरू लागली की त्या खिळ्यापासून ओल्या खुणेपर्यंत मोजायचं आणि सरांना कार्ड टाकायचं, असा तो करार. सर फूटपट्टी देत होते. जगन म्हणाला, "पट्टी हरवंल गुरुजी. हात नाय हरवायचा." मग सरांनी त्याचा पंजा ताणून फूटपट्टीवर धरला. जगनची वीत सव्वानऊ इंच भरली. सरांनी ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली.

हे एकोणऐंशी सालचं. पुढची अठरा वर्षं कार्डं येत राहिली. सरांची रोह्याला बदली झाली, नदीपलीकडे अष्टमीत घर झालं, मुलगी नमिता लग्न होऊन गेली, सर निवृत्त झाले. कार्ड चुकलं नाही. 'आवस. चार वीत एक बोट.' सर तो आकडा वहीत उतरवत, वितीचे इंच करत आणि कार्ड खोक्यात टाकत. त्या आकड्यांवर त्यांनी एक पुस्तिका काढली. तिला जिल्ह्यात बक्षीस मिळालं, पेणला शाल-श्रीफळ मिळालं. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आभार होते: 'मिठागरातील एका कामगाराच्या सहकार्याने.' त्या कामगाराला नाव होतं. पण ते छापावं असं सरांना सुचलं नाही आणि छापखान्यातल्या माणसालाही सुचलं नाही.

ब्याण्णवच्या पावसाळ्यात जगनचं कार्ड आलं, अक्षर डाव्या हाताचं, वाकडंतिकडं. 'मिठाच्या राशीवरून पडलो. उजवा हात मोडला. धोंडुबाई मोजते.' धोंडुबाई म्हणजे जगनची बायको. त्या कार्डापासून आकडे वाढायला लागले. साडेचार वीत. पुढं पाच वीत. सरांनी कपाळाला आठी घातली आणि मग ते स्वतःशीच हसले. बाईमाणसाचा पंजा तो केवढा! लहान वितीनं मोजलं की विती जास्त भरणारच. त्यांनी बायकोला, सरूला, बोलावलं, तिचा हात पट्टीवर ठेवला, साडेसात इंच आले. मग त्यांनी वहीत नवा गुणाकार सुरू केला: वीत म्हणजे साडेसात. आकडे लगेच शहाण्यासारखे जुन्या रांगेत येऊन बसले. आपल्या हुशारीवर सर भारी खूश झाले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या नेहमी रांगेतच दिसतात.

पंच्याण्णवला कोंडखारचा बांध नव्यानं उचलायचं ठरलं. जिल्ह्याच्या ऑफिसातून सरांना पत्र आलं, की आपल्यापाशी भरतीच्या नोंदी आहेत असं समजतं, तरी कळवावं. सरांनी सुवाच्य अक्षरात तक्ता करून पाठवला. त्या तक्त्यावर बांधाची उंची ठरली.

आणि सत्त्याण्णवच्या भाद्रपदी अवसेला, भर दुपारी, उधाणात बांधाला खांड पडली. खारं पाणी भाताच्या शेतांत शिरलं. उभं पीक गेलंच, पण खारावलेली जमीन पुढची तीन वर्षं भाताला नालायक झाली. बांधाची राखण त्या दिवशी जगनकडे होती. गावातली घरं मिळून बांध सांभाळायची तिथली जुनी रीत आहे, तिला जोळ म्हणतात. उधाणाच्या दिवशी जोळीचा एक माणूस बांधावर फिरतो. पाणी झिरपताना दिसलं की तो डबा बडवतो आणि सगळं गाव फावडी घेऊन धावतं. अलीकडं तरणी पोरं डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जातात, त्यामुळं फिरायला म्हातारेच उरलेत. लोक म्हणाले, जगन झोपला. डबा वाजला तो खांड पडल्यावर वाजला. वेळेवर वाजता तर चार फावडी मातीत काम भागलं असतं.

सरांना ही बातमी रोह्याच्या एस.टी. स्टँडवर कळली. ते चुकचुकले आणि म्हणाले, "वय झालं हो त्याचं. लागला असेल डोळा."

हे वाक्य सरच बोलले. ते लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

*

त्या वर्षी सरांनी एक नवं काम हातात घेतलं होतं. पुण्याच्या एका विज्ञान मासिकाला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रज शास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार मराठीत हवा होता. त्यांनी एका जाड पुस्तकाची झेरॉक्स धाडली होती. सर रोज सकाळी चहा झाला की पडवीत टेबल मांडून बसत आणि एक-दोन पत्रं उरकत. काम मोठं गोडीचं होतं. एकमेकांना दुर्बिणीची भिंगं धाडणारे, किड्यांच्या डब्या धाडणारे, मध्येच एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करणारे आणि दुसऱ्या पानावर शोध कुणाचा यावरून भांडणारे ते लोक सरांना अगदी घरचे वाटू लागले. दुपारी जेवताना ते सरूला त्यांच्या गोष्टी सांगत. सरू म्हणे, "म्हंजे आपल्यासारखेच की."

त्यात लॅम्बोर्न नावाचे एक विद्वान होते आणि त्यांचे एक मित्र, क्रेसी म्हणून. लॅम्बोर्नना इंग्लंडच्या बंदरांतल्या भरतीचा नियम शोधायचा होता. मोजमाप करायला ते स्वतः जात नसत. एका गोदीवर टिपेट नावाचा पहारेकरी होता. तो खांबावरच्या खुणा बघून आकडे लिहून धाडायचा. एका पत्रात लॅम्बोर्ननी क्रेसींना लिहिलं होतं, की मार्चमधल्या भरतीचा टिपेटचा आकडा माझ्या नियमापेक्षा नऊ इंच जास्त आहे. हा माणूस त्या दिवशी नक्की प्यायलेला असणार. मी तो आकडा दुरुस्त करून घेतला आहे.

सर हे भाषांतरित करताना खो-खो हसले. "काय पण साहेब! मोजणारा दारू प्यायला म्हणे!" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात आली नाही.

क्रेसींचं उत्तर पुढच्या पानावर होतं. थंडी फार पडली, तुम्ही धाडलेलं चीज पोचलं, बहिणीचा खोकला बरा आहे, असं साधंच पत्र. पण त्या पत्राचा फोटोही छापलेला होता आणि तो बघून सरांनी चष्मा पुसला. कागदावर आडव्या ओळी होत्या आणि त्यांच्यावरूनच उभ्या ओळी गेल्या होत्या. खाली टीप होती. त्या काळी टपाल पानावर आकारत आणि ते भरायचं घेणाऱ्यानं. म्हणून मित्राला भुर्दंड नको असेल तर एक पान भरलं की कागद फिरवून त्याच लिखाणावर उभं लिहीत. या पत्रातला उभा मजकूर साठ वर्षं कुणी वाचलाच नव्हता. पत्र जपून ठेवणाऱ्यांना ती रेघोटी वाटली होती.

उभा मजकूर संपादकांनी वेगळा उतरवून दिला होता. क्रेसींनी लिहिलं होतं: 'टिपेट प्यायला होता असं आपण लिहिता. आपण त्याला विचारलं होतं का? मी गुरुवारी जाऊन विचारलं. हा माणूस वीस वर्षं बिअरला शिवलेला नाही. आपण दोघांनी मात्र गेल्या खेपेला जेवताना दोन बाटल्या संपवल्या. पाणी खरोखरच नऊ इंच जास्त चढलं होतं. तो कमरेभर पाण्यात उभा होता, आपण शेकोटीपाशी होता. मित्रा, आकडा दुरुस्त करण्याआधी माणसाला विचारावं.'

सरांनी पेन खाली ठेवलं.

त्यांच्या डोळ्यांपुढं सरूचा हात आला. फूटपट्टीवर ताणलेला, साडेसात इंच. धोंडुबाईचा हात त्यांनी कधी बघितलाच नव्हता. 'धोंडुबाई, तुझी वीत केवढी गो?' एवढं विचारायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. त्यांनी विचारलं नव्हतं. एक्क्याण्णवनंतर ते कोंडखारला गेलेही नव्हते. जाऊ जाऊ म्हणता सहा वर्षं गेली होती.

ते उठले, स्टूल घेतलं आणि माळ्यावरचं खोकं उतरवलं. सगळ्यात वर मंगळवारी आलेलं ताजं कार्ड होतं. सरांनी आकडा वहीत घेऊन ते तसंच टाकलं होतं. 'पुनव. पाच वीत दोन बोटं.' कार्डाच्या काठाला नेहमीप्रमाणं बारीक, उभं लिहिलेलं काहीतरी होतं. जगनची ती सवयच होती, उरलेली जागा वाया घालवायची नाही. सरांना ती घरची खुशाली वाटायची. खुशाली म्हणून का होईना, वाचायची होती! पण आकडा मिळाल्यावर माणसाची खुशाली वाचायला वेळ कुणाला असतो?

त्यांनी कार्ड आडवं फिरवलं.

'येत्या आयतवारी गावकी देवलात गुन्याचा नारल मांडते. मी झोपलो हुतो असं बोलून उचलायचा. नायतर वालीत टाकतील. मी जागा हुतो. पन उचलतो. माज्या पोरीचं, नम्रताचं लगीन हाय. तुमी साहेबाला आकडं दिलंत. साहेबानी आयकलं नाय. तुमचा दोस नाय गुरुजी.'

शेवटची ओळ सरांनी तीनदा वाचली. मग त्यांनी गठ्ठ्यांचे दोरे सोडायला घेतले, सुटेनात तेव्हा दातांनी तोडले. त्र्याण्णव, फेब्रुवारी: 'हात बरा झाला. आता मीच मोजतो.' त्र्याण्णव, भाद्रपद: 'मीच मोजलं. माजाच हात. पानी चढतं हाय.' चौऱ्याण्णव: 'बांद कमी पडंल. साहेबाला सांगा.' पंच्याण्णव: 'लोकान्ला बोललो. लोक बोलतात गुरुजी हायत ना, ते बगतील.'

सरू पडवीत आली तेव्हा टेबलभर, जमिनीभर कार्डं पसरली होती आणि मध्ये सर घाम पुसत बसले होते. तिला वाटलं छातीत दुखतंय. सरांनी तिला सगळं सांगितलं. 

"आज वार कोणता?" तिनं विचारलं.

"शनिवार."

"मग उद्या सकाळी जा."

"अगं, जा काय? सगळ्या गावासमोर काय सांगू? पुस्तिका आहे, बक्षीस आहे, ऑफिसात माझ्या सहीचा तक्ता आहे. लोक काय म्हणतील?" सर उठले, बसले. "मी सविस्तर पत्र टाकतो. जगनला एक, ऑफिसला एक."

सरू कार्डं गोळा करत होती. "पत्र मंगळवारी पोचेल," ती म्हणाली. "नारळ उद्या उचलायचाय."

*

रविवारी सकाळी सर पूल ओलांडून रोह्याच्या स्टँडवर आले आणि पेणच्या गाडीत बसले. मांडीवर पिशवीत कार्डं होती. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा त्यांच्या मनात आलं, इथंच उतरावं आणि परतीची गाडी धरावी. सरूला सांगावं, गाडी बंद पडली. साठीच्या माणसाला असले पोरकट विचार येत नाहीत असं कुणी समजू नये. गाडी सुटली आणि विचार तिथंच राहिला, एवढंच.

पेणहून टेम्पोनं कोंडखार. दुतर्फा जी शेतं एरवी कापणीला पिवळी दिसायची ती करडी पडली होती आणि त्यांच्यावर मिठाची पांढरी साय धरली होती.  सरांना तोंड वर करून बघवेना.

जगनचं घर गावाच्या टोकाला. दारात धोंडुबाई तांदूळ पाखडत होती. सरांना बघून ती लगबगीनं उठली. "गुरुजी! या, या. अवो, गुरुजी आले!"

जगन धुतलेला सदरा घालून बाहेर आला. पार वाळला होता. सरांनी चहापाण्याच्या आधीच विषय काढला, नाहीतर तो निघालाच नसता.

"धोंडुबाई, जगनचा हात मोडला होता त्या वर्षी तू मोजायचीस ना? तुझा हात दाखव बघू."

"हात कनाला?" धोंडुबाई चकित झाली. "माज्या हातानं कनाला मोजीन मी? माजी वीत येवढीशी. यांच्या वितीची काठी कापून ठेवलेली ना! तिनंच मोजायची." तिनं आत जाऊन आढ्यात खोचलेली एक बांबूची काठी आणून दिली. "ही बगा. माप बदललं तर मोजून काय उपेग, गुरुजी?"

सरांनी काठी हातात घेतली. खिशात फूटपट्टी होती, शिक्षकाच्या खिशात असतेच. काठी सव्वानऊ इंच भरली. मिठागरातल्या एका बाईला जे कळत होतं ते बी.एस्सी., बी.एड. झालेल्या माणसाला कळलं नव्हतं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जगन," ते म्हणाले, "साहेबांनी ऐकलं नाही असं नाही. मी सांगितलंच नाही. तुझे आकडे मी कमी करून दिले. मला वाटलं, हिच्या हाताचे आहेत. तू काठाला लिहिलेलं मी वाचलंच नाही. कालपर्यंत कधीच नाही."

जगन भिंतीला टेकून बसला होता. त्यानं काठी सरांकडून घेऊन मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "किती कमी दिलंत?"

"पाच वितींमागे... जवळजवळ एक वीत."

जगननं आपला उजवा पंजा उघडला आणि त्याकडं बघत राहिला. मोडलेलं मनगट जरा वाकडं बसलं होतं. "बांदावरून पानी वीतभरच गेलं, गुरुजी," तो म्हणाला. "झिरपलं नाय. वरनंच गेलं. मी डबा उचलपरेंत माती निगाली. मी समद्यान्ला बोललो वरनं गेलं, वरनं गेलं. कुनी मानलं नाय. गुरुजींचं माप चुकंल व्हय, असं बोलले."

धोंडुबाई सूप हातात घेऊन तशीच उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

*

देवळापुढं दुपारी गावकी बसली. गावकीचा म्होरक्या काळुराम, साठीतला, तोंडानं फटकळ पण माणूस न्यायाचा. पाटावर तांदळाच्या राशीत नारळ मांडला होता. तिथली रीत अशी, की गुन्ह्याचा नारळ एकदा मांडला की तो कुणीतरी उचललाच पाहिजे. उचलणाऱ्यानं देवीसमोर आपली चूक बोलायची, नारळ फोडायचा, मग विषय संपला. न उचललेला नारळ परत नेला तर अख्ख्या गावाला बाधतो असं मानतात.

"हा जगन, चल," काळुराम म्हणाला. "बोल आनी उचल. पोरीचं लगीन तोंडावर हाय तुज्या."

जगन उठला. सरही उठले. "थांबा," ते म्हणाले, आणि आवाज वर्गात लागायचा तसा लागला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "थांबा जरा."

लोकांनी त्यांना पुढं जागा करून दिली. गुरुजी आले, गुरुजी आले, अशी कुजबुज झाली. मान काय असतो तो सरांना त्या वाटेच्या पाच पावलांत पुरता कळला आणि शेवटचा कळला. त्यांनी पिशवीतून कार्डं काढली आणि वाचायला घेतली. आडवं आणि उभं, दोन्ही. तारीख, तिथी, पोस्टाचा शिक्का. 'बांद कमी पडंल. साहेबाला सांगा.' वाचून झाल्यावर त्यांनी ते कार्ड काळुरामच्या हातात दिलं आणि आपण काय केलं ते सांगितलं. फाटे न फोडता सांगितलं. मधे एकदा 'तांत्रिक कारणानं' असा शब्द तोंडात आला होता, तो त्यांनी गिळला.

  मागं बायकांत काशीबाई बसली होती. तिचं सगळं शेत खांडीच्या तोंडाशी होतं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "माज्या शेतात तीन वरसं भात नाय व्हायचं गुरुजी. येक कार्ड वाचाय किती टाइम लागतो हो?"

 सर खाली वाकले आणि पाटावरचा नारळ उचलला.

"चूक माझी," ते देवीकडं बघून म्हणाले. "जगन जागा होता. झोपलो होतो तो मी."

नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही. त्यांच्या हातात तेवढा जोर नव्हता. दुसऱ्यांदाही नाही. कुणी मदतीला पुढं आलं नाही आणि रीतीप्रमाणं येताही येत नाही. पाचव्या फटक्याला तो कसाबसा चिरला आणि पाणी त्यांच्या पायांवर सांडलं. काळुराम म्हणाला, "झालं. जगनवर काय नाय. लगनाला समद्या गावानं जायचं." माणसं उठली आणि सरांच्या बाजूनं वाट काढून घरोघर गेली. ज्यांना सरांनी बाराखडी शिकवली होती ती माणसंही गेली.

टेम्पोच्या थांब्यापर्यंत जगन आला. सरांची पिशवी त्यानं घेतली नाही. एरवी तो ती हिसकावून घ्यायचा.

"ऑफिसला उद्याच खरे आकडे पाठवतो," सर म्हणाले. "पुस्तिकेत तुझं नाव..."

"गुरुजी," जगन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो आवाज सरांना सोसवेना. "अठरा वरसं मी वहीनीन्ला दंडवत लिवला, पोरान्ला आशीरवाद लिवला. आमची बारकी गेली तवा ते लिवलं. तुमचं काय उत्तर यायचं नाय. मी बोलायचो, गुरुजींना कामं असतात, पन वाचतात." तो खाडीकडं बघत राहिला. "ते वाचतात, असं धरून चाललो मी."

टेम्पो आला. सर चढले. बारकी गेली म्हणजे कोण गेली, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि आता विचारायचं तोंड उरलं नव्हतं.

*

घरी आल्यावर सर आठ दिवस एकच काम करत होते. एकोणऐंशीपासूनची सगळी कार्डं त्यांनी फिरवून फिरवून वाचली. बारकी म्हणजे जगनची धाकटी मुलगी. पंच्याऐंशीच्या श्रावणात तापानं गेली. 'पुनव. चार वीत. आज हात थरथरला, येक बोट हिकडंतिकडं आसंल, माफी.' हे काठाला होतं. सरांच्या वहीत त्या पुनवेपुढं नुसतं 'सदतीस इंच' होतं. सर त्या दिवशी जेवले नाहीत.

ऑफिसला खरा तक्ता गेला, सोबत चूक कबूल करणारं पत्र गेलं. क्रेसींच्या पत्राचं भाषांतर पुण्याला गेलं. नम्रताच्या लग्नाची पत्रिका आली नाही. सरूनं लुगडं घेऊन ठेवलं होतं, ते ट्रंकेत गेलं.

कार्तिकातली अवस होऊन चार दिवस झाले तरी कार्ड आलं नाही. अठरा वर्षांत असं घडलं नव्हतं. सर पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभे राहत आणि तो दिसला की काहीतरी काम असल्यासारखं झाडांना पाणी घालत. पाचव्या दिवशी कार्ड आलं. पत्ता नेहमीसारखाच, गिरवून काढलेला.  सरांनी कार्ड उलटलं, मग आडवं फिरवलं, मग पुन्हा फिरवलं, चारी बाजूंनी.

"आलं का?" आतून सरूनं विचारलं. "काय म्हणतो जगन?"

"चार वीत तीन बोटं."

"आणि?"

सरांनी कार्ड उजेडाकडं धरलं. चारी काठ कोरे होते.

"आणखी काही नाही गं," ते म्हणाले. आणि फाटकातच, रस्त्यावरून माणसं जात होती तरी, रडू लागले.